सगुणामावशींची मऊ रांगोळी

सगुणामावशी रांगोळी दाखवत नसत, ऐकवत. गिऱ्हाईक बाई समोर उकिडवी बसली की त्या ढिगातली चिमूट उचलायच्या, तिच्या कानापाशी नेऊन अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळायच्या आणि विचारायच्या, "काय आलं का ऐकू?" बाई गोंधळून नाही म्हणायची. "मंग! रांगोळी बोलाया नाय पायजे. बोलती ती वाळू." एवढं म्हणून पलीकडच्या दुसऱ्या रांगोळीवाल्याच्या दिशेने मान न वळवता नुसती भुवई उडवायच्या. तोवर बाईने पिशवी पुढे केलेली असायची.

मी आठवडे बाजारात रेडिमेड कपडे विकतो. फ्रॉक, गाऊन, बनियन, शाळेच्या चड्ड्या. कळंबहून टेम्पो काढायचा आणि आज घोडेगाव, उद्या नारायणगाव, मग ओतूर, कधी मढ, कधी लोणी असं फिरायचं. मावशींची वाडी आमच्या गावाला लागूनच, त्यामुळे त्यांच्या गोण्या माझ्या टेम्पोत आणि त्यांचं पोतं माझ्या पालाच्या उजव्या हाताला, हे कधी ठरलं ते आम्हा दोघांनाही आठवत नव्हतं. माझं नाव त्यांना चांगलं माहीत होतं, पण त्यांनी ते कधी तोंडात घेतलं नाही. "ए रेडिमेड, सरक जरा. तुझे गाऊन माझ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर येत्यात."

आवाज मात्र असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला मिरचीवाल्यांपर्यंत जावा. "चांदन्याचं पीठ घ्या गं बायांनो, चांदन्याचं पीठ!" पाय दुखतात, पाठ धरते अशी तक्रार त्या रोज करायच्या, पण घसा बसलेला मी कधी पाहिला नाही. उन्हाळ्यात भर दुपारी आम्ही सगळे पालाखाली आडवे व्हायचो तेव्हाही ह्यांचं चालूच. कोणाच्या लेकीचं जमलं, कोणाची म्हैस व्याली, कोणत्या सरपंचाला कोणी काय ऐकवलं, सगळं त्यांच्याकडे यायचं आणि थोडं मीठमसाला लागून पुढे जायचं. खरं सांगायचं तर त्यांच्यामुळे माझा धंदा वाढला. बाया त्यांच्याशी बोलायला थांबायच्या आणि थांबल्या की माझ्या फ्रॉककडे त्यांचं लक्ष जायचं.

त्यांची रांगोळी होती गारेची. गार म्हणजे पांढरी गारगोटी. इतर लोक मऊ पांढरा दगड दळून आणतात, स्वस्त पडतो. मावशींच्या मते ती रांगोळी नव्हतीच. "मातकट दिसती. दारात काढली का वाटतं पीठ सांडलंय." त्यांच्या सासूने म्हणे टेकडीवरून गारा वेचून उखळात कुटायला सुरुवात केली होती. पुढे गोण्या विकत यायला लागल्या आणि घरात मिरची कांडायचं जुनं यंत्र आलं. त्यात गारा फोडायच्या, कांडायच्या आणि मग दुहेरी मलमलीतून चाळायच्या. एकदा नाही, परत परत, चिमटीत आवाज करेनाशी होईपर्यंत.

चाळायचं काम त्यांची सून करायची. मंगल. लोणीची मुलगी. गोण्या टेम्पोत चढवायला मी सकाळी त्यांच्या घरी जायचो तेव्हा ती मागच्या खोलीतून बाहेर यायची. नाकावर पदर बांधलेला, हात कोपरापर्यंत पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. मला पाहून हसायची आणि पोत्याचं एक टोक धरायची. मावशी ओट्यावरून ओरडायच्या, "बघ रं रेडिमेड, सून माझ्या आधी म्हातारी झाली! भुवया पिकल्या बघ तिच्या." मंगल अजूनच हसायची. मीही हसायचो. त्या हसण्याची आठवण आली की आता मला जेवण जात नाही.

ह्यावरून कोणाला वाटेल की सासू खाष्ट होती, तर तसं अजिबात नव्हतं. मावशींनी सुनेला कधी शेतावर मजुरीला पाठवलं नाही. "उन्हातान्हात कशाला मरायचं पोरीनी? घरात सावलीत बसून काम हाय." प्रत्येक बाजारातून तिच्यासाठी भेळ बांधून घ्यायच्या, कांदा वेगळा ठेवायला लावून, म्हणजे घरी जाईपर्यंत मऊ पडू नये. मुलगा दत्तू दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर. पहाटे जायचा तो संध्याकाळी यायचा. घरात खऱ्या अर्थाने दोघीच आणि नात सिद्धी. नात म्हणजे मावशींचा जीव की प्राण. माझ्या पालावर आलेला प्रत्येक नवा फ्रॉक आधी सिद्धीच्या मापाचा आहे का ते पाहिलं जायचं आणि मगच तो दोरीवर टांगायची परवानगी मिळायची.

मागच्या खोलीला एक खिडकी होती. तिला गोणपाट ठोकलेलं. मऊ रांगोळी फार हलकी, जराशा वाऱ्याने उडते, आणि उडते ती सगळ्यात चांगली. ती वाया जाऊ नये म्हणून खिडकी बंद, दार ओढलेलं. आमच्याकडे धान्य पाखडतात ते वाऱ्यावर, अंगणात. रांगोळी मात्र कोंडूनच चाळायची, ही त्या घरची पद्धत होती आणि मावशींना तिचा अभिमान होता.

मंगल खोकायला लागली तेव्हा कोणी दचकलं नाही. "आमच्या घराण्यात दमाच हाय," मावशी म्हणाल्या. सासू दम्याने गेली, धाकटी जाऊ पार्वती दम्याने गेली. आता हिला लागला. पण मंगल वाळत चालली. पोत्याचं टोक धरण्याऐवजी दाराला धरून उभी राहायला लागली. मग डॉक्टर झाले, औषधं झाली, छातीचा फोटो झाला. फोटोत डाग दिसले. डाग म्हणजे टीबी. कोर्स सुरू झाला, संपला, पुन्हा सुरू झाला.

टीबी म्हटल्यावर घरात लहान लेकरू. मावशींनी मंगलचं ताट-वाटी वेगळं केलं आणि तिची खाट मागच्या खोलीत हलवली. ते करतानासुद्धा माया होती. खोली झाडून घेतली, नवी गादी आणली, तीही माझ्याच टेम्पोतून. गोणपाटावर आणखी एक जाड गोणपाट ठोकलं, गार वारं लागू नये म्हणून. मंगलला दिवसभर नुसतं पडून कंटाळा यायचा. खाटेवर बसल्या बसल्या ती म्हणायची, "आत्या, द्या ती चाळणी. तेवढाच येळ जातो." आणि मावशी द्यायच्या.

पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. दत्तूला सुट्टी मिळेना म्हणून मी टेम्पो काढला. आत मावशी आणि मंगलबरोबर मीही गेलो, कारण जिना चढताना मंगलला दोन्हीकडून धरावं लागत होतं. डॉक्टर तरुण होत्या, बाई होत्या. त्यांनी जुने कागद पाहिले, फोटो उजेडाला धरून पाहिला आणि विचारलं, "काम काय करता तुम्ही?"

मंगलने तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "काय न्हाई, घरीच असती."

हेच उत्तर आजवर प्रत्येक डॉक्टरला मिळालं होतं, आणि त्यात खोटं बोलायचा कोणाचाही विचार नव्हता. शेतावर जाणं हे काम. कंपनीत जाणं काम. बाजारात घसा फोडणं हेही काम. घरात सावलीला बसून चाळणं ह्याला आमच्याकडे कोणी काम म्हणतच नव्हतं, खुद्द मंगलसुद्धा नाही.

डॉक्टर लिहायला लागल्या. मावशींनी पिशवीतून एक पुडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. "बाई, दिवाळीला दारात काढा. असली मऊ तुमच्या पुन्यात नाय मिळायची. माझ्या सुनंनी चाळलीया."

डॉक्टरांनी कौतुक म्हणून पुडी उघडली. मग ती तशीच उघडी ठेवून त्यांनी पेन खाली ठेवलं. "कशाची आहे ही?"

"गारंची. अस्सल."

"कुठे चाळता?"

"घरातच. मागल्या खोलीत."

"खिडकी आहे?"

"हाय की. पन तिला गोनपाट लावलंय. वाऱ्यानं मऊ माल समदा उडून जातो."

"किती वर्षांपासून?"

"लगीन होऊन आली तवापासनं," मावशी म्हणाल्या आणि मंगलच्या पाठीवर हात ठेवला. "लई हुशार हात हाय तिचा."

"आणि या झोपतात कुठे?"

इथवर मावशी बाजारात बोलाव्यात तशा भराभर बोलत होत्या. "तितंच. टीबी हाय ना तिला. लेकराला लागू नये म्हनून मीच तिची खाट—" एवढं म्हणून त्या थांबल्या. हात मंगलच्या पाठीवर तसाच राहिला.

डॉक्टरांनी मग सगळं समजावून सांगितलं, शांतपणे, दोनदा. हा टीबी नाही, ह्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. गारेची धूळ जितकी मऊ तितकी छातीत खोल जाते आणि तिथे बसते. पदराने ती अडत नाही. फुप्फुसं आतून घट्ट होत जातात आणि गेलेलं परत येत नाही. श्वासाला आराम पडेल असं औषध देता येईल, ऑक्सिजनचं मशीन घरी ठेवता येईल. निघताना त्यांनी मावशींचाही फोटो काढायला लावला. मंगलने सगळं नीट ऐकलं. मावशी नुसत्या त्या उघड्या पुडीकडे पाहत होत्या. शेवटी त्यांनीच ती बांधली आणि पिशवीत परत टाकली.

येताना खेडच्या पुढे मंगलला झोप लागली. मावशी मध्ये बसल्या होत्या. पिशवी त्यांनी मांडीवर घट्ट धरली होती. मग हळू आवाजात म्हणाल्या, "रेडिमेड, माझी सासू घोडेगावची. पार्वती मढची. मंगल लोनीची. तिघींचं रक्त येक न्हवं. आन् माझ्या दोन नंदा, त्या ह्याच घरात जल्मल्या, त्या दोगी ठनठनीत हायेत. मंग आमच्या घरान्यात दमा आला कुठनं?"

मी गाडी चालवत राहिलो.

"आन् मला का न्हाई झाला? मीबी त्याच घरातली ना?" त्याचंही उत्तर त्यांनीच दिलं. "माझं त्वांड चालायचं. सासू म्हनली, ही बाजाराला बसंल. पार्वती गरीब, खाली मान घालून ऱ्हायाची, तिच्या हातात चाळनी दिली. ती गेली, मंग मंगल आली. तिच्या हातात मी दिली. मी बोलकी म्हनून वाचले बघ, रं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीचं गोणपाट फाडून काढलं. मंगलची खाट पुढच्या दारात, हवेशीर जागी आली. घरात उरलेली रांगोळी विकावी की फेकावी हा प्रश्न होता. विकायला त्यांचा हात होईना. फेकली तर दुसऱ्याच्या नाकात जाईल. शेवटी दत्तूने परसात खड्डा घेतला आणि सगळ्या गोण्या पाणी ओतून, चिखल करून पुरल्या. पुढचे काही बाजार त्या आल्या त्या हळदी-कुंकवाच्या पुड्या घेऊन. जुन्या गिऱ्हाइकांनी मऊ रांगोळी मागितली की म्हणायच्या, "जाड वापरा. बोलू द्या रांगोळीला." दुसऱ्या रांगोळीवाल्यांच्या पालावर जाऊन सांगायच्या की घरात बायांना कोंडून चाळायला लावू नका, पाणी मारा, उघड्यावर बसवा. काहींनी ऐकलं. काही म्हणाले, म्हातारीनं स्वतःचा धंदा बसला म्हणून आमचा बसवायचं काढलंय.

मग त्यांनी बाजारच सोडला. मंगलपाशी बसून राहायच्या. मशीन घरघरत असायचं आणि मंगल नाकात नळी घेऊन उशीला टेकलेली. मी गेलो की ती पहिलं विचारायची, "भाऊ, आज काय झालं बाजारात?" इतकी वर्षं तिने बाजारासाठी चाळलं, पण तो पाहिला होता फक्त सणाच्या खरेदीपुरता. मी सांगायला लागलो की मावशी मला थांबवायच्या, "तुला नीट सांगता येत नाय," आणि स्वतः जुनं काहीतरी सांगायच्या, सगळ्यांचे आवाज काढून. मंगल हसायची, हसली की खोकला यायचा, खोकला आला की मावशी पार काळवंडून जायच्या. "हसवू बी नये का आता मी तिला?" असं एकदा त्या बाहेर येऊन मला म्हणाल्या.

थंडीत मंगल गेली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मावशी मला म्हणाल्या, "उंद्या मी इहिनीला समदं सांगनार हाय." मंगलच्या आईला, म्हणजे विहीणबाईंना, मुलगी टीबीने गेली एवढंच माहीत होतं. मी म्हणालो, "मावशी, सांगून काय व्हायचंय? ती परत येणार आहे का? आणि सिद्धीला घेऊन जातील ते." कापडाला कुठे विणीचा दोष असला की तो आत जाईल अशी घडी घालून आम्ही माल लावतो. मला तेवढंच येतं, तेच मी त्यांना सांगितलं. त्या उठून चुलीकडे गेल्या. मला वाटलं, पटलं असेल.

दहाव्याचे विधी उरकून सगळे घरी आले. विहीणबाई मावशींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. "लेकीवानी जपलीत हो तुमी माझ्या पोरीला. लोकं टीबीच्या मानसाला टाकून देत्यात."

मावशींनी त्यांना हाताने दूर केलं. "जपली न्हाई. तिला टीबी न्हवता. माझी रांगोळी चाळून चाळून ती गेली. आन् आजारी पडल्यावर बी मी तिची खाट त्याच धुळीत नेऊन टाकली. मला म्हाईत न्हवतं, ही गोष्ट येगळी. पन केलं मी."

घरात माणसं होती, ती जागच्या जागी थांबली. विहीणबाई खाली बसल्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "तिला कळलं व्हतं?"

"व्हतं. डाक्तरनी तिच्याम्होरंच सांगितलं."

"मंग मला का नाय बोलली? रोज फोनवर बोलायची."

"तिनंच मला गळ घातली, आईला सांगू नका म्हनून. तुमाला कळलं तर तुमी सिद्धीला न्याल. म्हनली, आत्यांना पोरीबिगर करमायचं न्हाई."

विहीणबाईंनी डोळे पुसले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मंग नेते मी तिला."

दत्तू काही बोलायला गेला तर मावशींनीच त्याला अडवलं. सिद्धीचे कपडे त्यांनी स्वतः पिशवीत भरले, एकेक घडी घालून. सगळे माझ्याच पालावरचे. लोणीला सोडायला टेम्पो माझाच होता आणि मावशीही बरोबर आल्या. पोरीला उतरवून आम्ही परत निघालो, तेव्हा मला राहवलं नाही. मी रागाने म्हणालो, "मंगल तुमच्यासाठी गप्प राहिली होती. मरताना तेवढं एकच मागितलं तिनं. तेही मोडलंत तुम्ही."

"आमच्या घरात ज्या गप बसल्या त्याच मेल्या, रेडिमेड," मावशी म्हणाल्या. "आता मेल्यावर बी तिला माझ्यासाठी गप बसवू व्हय?"



बाजारातली त्यांची जागा आता एका मोबाइलचे कव्हर विकणाऱ्याने घेतली आहे. त्याने लाउडस्पीकर लावलाय, तरी मला बाजार मुका वाटतो. मावशी घर सोडतात ते फक्त लोणीच्या बाजाराला. मी त्यांना विहीणबाईंच्या दारात उतरवतो आणि माल लावायला जातो. त्या ओट्यावर बसतात. सिद्धी शाळेतून आली की मांडीला मांडी लावून बसते. विहीणबाई चहा आणून ठेवतात, बोलत मात्र नाहीत. मावशींनाही तिथे शब्द फुटत नाही. चहा मिळतो हेच खूप आहे, असं त्या म्हणतात.

परवा मी त्यांना न्यायला गेलो तेव्हा विहीणबाई कप उचलायला बाहेर आल्या होत्या. कप हातात घेऊन त्या क्षणभर थांबल्या आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा त्यांनी मावशींकडे पाहून विचारलं, "तुमाला खोकला-बिकला न्हाई ना? दाखवून घ्या येकदा."

मावशींनी नुसती मान खाली घातली आणि माझ्या आधी टेम्पोत जाऊन बसल्या. मंचर येईपर्यंत रस्त्याकडे पाहत होत्या.

"डाक्तरबाईंनी माझाबी फोटो काढला व्हता," त्या म्हणाल्या. "साफ हाय. येक डाग नाय त्यात." मग पदर तोंडावर घेतला. "तिनं इचारलं, रेडिमेड. कोंच्या त्वांडानं सांगू तिला, मला काय बी झालं न्हाई म्हनून?"